झालं म्हटल्यानंतर

वहिनींचा जांभई देतानाचा फोटो चांगला दोन फूट उंच होता. पोस्टकार्डाएवढा असता तर त्यांनी तो पालथा घालून वर चहाचा कप ठेवला असता आणि विषय मिटला असता. पण दोन फूट जांभई लपवायची कुठे?

"वन्सं, ही मी नव्हेच," त्या म्हणाल्या.

"तुम्हीच, वहिनी," फोटो काढणारी नणंद म्हणाली.

"माझं तोंड एवढं उघडतच नाही."

"उघडतं की!" डॉक्टर म्हणाले. हे त्यांचे धाकटे दीर, दातांचे डॉक्टर. चष्मा कपाळावर चढवून ते फोटोत जवळजवळ शिरलेच होते. "ही बघा, वरची डावी अक्कलदाढ. मीच काढली ती. म्हणजे फोटो त्याच्या आधीचा. काय दाढ होती, वहिनी! अशी दाढ आता बघायला मिळत नाही."

"भावजी, तुम्ही जरा गप्प बसाल का?"

स्टुडिओच्या आतल्या खोलीत भिंतीला टेकवून बेचाळीस चौकटी उभ्या होत्या. सहा वाजता टेम्पो येणार, चौकटी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये नेणार, आणि गुरुवारी तिथे आत्याचं प्रदर्शन लागणार. पहिलं आणि शेवटचं. कारण तिच्या वडिलांनी, आप्पांनी, सुरू केलेला हा स्टुडिओ महिनाअखेरीला बंद होत होता. आत्याच्या गुडघ्यांनी तसं कळवलं होतं.

तिला आत्या म्हणणारी खरं तर एकच, चिमणी. वहिनी आणि त्यांचे यजमान हेडमास्तर यांची मुलगी, सत्तावीस वर्षांची, तीही फोटोग्राफर. पण पोरीच्या तोंडचं ऐकून सगळ्या गल्लीचीच ती आत्या झाली होती. चिमणीनेच गेल्या महिन्यात डार्करूम आवरताना बिस्किटांचे अकरा डबे शोधून काढले. प्रत्येक डब्यावर एकच शब्द लिहिलेला होता: झालं.

तर आत्याची रीत अशी. गिऱ्हाईक बसवायचं, हनुवटी इकडे, खांदा तिकडे, श्वास धरा, आणि बटण. मग मोठ्यानं म्हणायचं, "झालं!" झालं म्हटलं की माणूस सुटतो. आत ओढलेलं पोट बाहेर येतं, बूट चावत असतो त्याची आठवण होते, बायको नवऱ्याला सांगते की तुमची मान वाकडी होती. त्या वेळी आत्या कॅमेऱ्यापासून लांब उभी असायची, हात पाठीशी बांधून, छताकडे बघत. पाठीमागच्या मुठीत लांब तारेचं बटण असायचं. दुसरा फोटो तेव्हा निघायचा. पहिला गिऱ्हाइकाला जायचा, दुसरा डब्यात. शटरचा आवाज ऐकू जाऊ नये म्हणून ती खोकायची. एकावन्न वर्षं हे चाललं होतं आणि कोणाला पत्ता नव्हता.

वहिनींना जांभईपेक्षा हेच जास्त लागलं होतं.

"तीस वर्षं!" त्या म्हणाल्या. "तीस वर्षं मी तुम्हाला खोकल्याचं औषध पाजलं, वन्सं! आणि तुम्ही ते प्यायलात!"

"तुम्ही प्रेमानं देत होता," आत्या म्हणाली. "नाही कसं म्हणू?"

"खोकला नसताना?"

"चव बरी होती."

डॉक्टर हसले, आणि वहिनींनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांना आपली चौकट आठवली. नंबर तेवीस. त्यात तेच होते, तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे, हातात छोटा आरसा धरून टकलावरचे सात केस या कानाकडून त्या कानाकडे नेताना.

"ताई, माझं एक मत आहे," ते घसा साफ करून म्हणाले. "माझ्याकडे पेशंट येतात. त्यांनी हे बघितलं तर..."

"तर काय? त्यांना काय वाटतं, तुमच्या डोक्यावर जंगल आहे?" वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, आपण एका बाजूला आहोत ना?"

"हो, हो. आहोत."

खरी अडचण ही होती. फोटोतल्या परक्या माणसांना चिमणीनं शोधून काढलं होतं, पत्रं पाठवली होती, काहींच्या घरी जाऊन आली होती. सगळ्यांनी होकार दिला. एका म्हातारबाबांनी तर विचारलं की अजून मोठा करता येईल का. उरले होते घरचे. आणि आत्यानं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं: हे फोटो मी न विचारता घेतलेत, तेव्हा निदान दाखवताना विचारीन. घरातल्या एकाचाही नकार आला तर एकही चौकट इथून हलणार नाही. डबे कचऱ्याच्या गाडीत जातील.

"असं कसं, आत्या?" चिमणी तेव्हा म्हणाली होती.

"असंच," आत्या म्हणाली होती. आत्याचं असंच म्हणजे असंच.

आता साडेचार वाजले होते, आणि चिमणीनं जांभई आणि टक्कल हे दोन नकार मनात मोजून ठेवले होते. तिसऱ्याची तिला खरी भीती होती. तिचे बाबा, हेडमास्तर, शाळेतून निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली तरी घरातून झाले नव्हते. आल्याबरोबर त्यांनी एक खुर्ची उचलली, भिंतीपाशी नेली, आणि नंबर सतरापुढे ठेवून तिच्यात बसले. तेव्हापासून ते उठले नव्हते. चहासुद्धा तिथेच घेतला.

"बाबा, इकडे येऊन बसा ना, पंख्याखाली."

"बरं आहे इथे."

"तुमच्यामागे काय आहे ते बघू तरी द्या सगळ्यांना."

"माझ्यामागे भिंत आहे." त्यांनी कप बशीत ठेवला. "आणि मला तत्त्वाचं बोलायचंय. हे फोटो चोरून काढलेले आहेत. परीक्षेत दुसऱ्याच्या पेपरात बघून लिहिणारी पोरं मी सदतीस वर्षं पकडली. त्यांचं अक्षर कितीही सुंदर असो, मी शून्यच दिलं."

"दादा, मी कोणाचं बघून लिहिलं?" आत्यानं विचारलं.

"माणसं बेसावध होती."

"तेच तर."

"तेच तर काय? आप्पांनी तुला काय शिकवलं? माणूस जसा दिसू इच्छितो तसा दिसला पाहिजे. ते पेन्सिल घेऊन निगेटिव्हवरच्या सुरकुत्या पुसत बसायचे. लोक स्वतःचा फोटो बघून ताठ चालायला लागायचे. कलेचं काम तेच. माणसाला वर उचलणं. जांभया दाखवणं नव्हे."

"ऐका!" वहिनी म्हणाल्या. नवऱ्याचं म्हणणं त्यांना एवढं मनापासून पटल्याला बरीच वर्षं झाली होती.

आत्या स्टुलावर बसली. तिला भाषण येत नव्हतं. तिला बोलायचं झालं की ती काहीतरी पुसायला घ्यायची. आता तिनं भिंग पुसायला घेतलं.

"आप्पांची पेन्सिल मी पण चालवली, दादा. वाईट म्हणत नाही. पण मी वीस वर्षांची होते, तेव्हा एक बाई आली, पोराला घेऊन. पोरगं काय, पाच-सहा वर्षांचं. दोघं पुतळ्यासारखी बसली. मी फोटो काढला, झालं म्हटलं, आणि चुकून बोट पुन्हा पडलं. आप्पांचा ओरडा बसणार म्हणून गुपचूप धुतला तो फोटो. बघते तर बाई बोटाला थुंकी लावून पोराच्या गालावरचा डाग पुसतेय, आणि पोरगं तोंड वाकडं करतंय." भिंग तिनं उजेडाकडे धरलं. "डाग आधीपासून होता रे. फोटोभर ती दम धरून बसली होती, कधी एकदा पुसते म्हणून. पहिल्या फोटोत ते नव्हतंच कुठे. मी रात्रभर तेच बघत बसले. मला वाटलं, पहिला फोटो त्यांना हवा असतो. दुसऱ्याची त्यांना गरज असते, पण ते मागायला येणार नाहीत. मग कोणीतरी काढून ठेवायला नको?"

मग डॉक्टर म्हणाले, "आणि माझ्या टकलाची कोणाला गरज आहे?"

"त्या दिवशी तुला मुलगी बघायला जायचं होतं," आत्या म्हणाली. "किती घाबरला होतास. हात कापतोय बघ आरशाचा. नंतर तू लग्नच केलं नाहीस, आणि आम्ही सगळे म्हणत राहिलो, याला हौसच नव्हती. हौस होती. माझ्याकडे पुरावा आहे."

डॉक्टर तेवीस नंबरपाशी गेले. आरसा धरलेला हात खरंच हलला होता, कडा पुसट आली होती. कित्येक वर्षांत त्यांनी स्वतःला कोणाला आवडण्यासाठी धडपडताना बघितलं नव्हतं. त्यांना त्या तरुण टकल्याची एकदम माया आली.

"राहू दे हा," ते म्हणाले. "दात तरी चांगले दिसतायत."

"भावजी! आपण एका बाजूला होतो ना?"

"होतो, वहिनी."

चिमणीनं आईकडे बघितलं. आई जांभईकडे बघत होती.

"ही कधीची हो, वन्सं?"

"चिमणी झाली ना, त्याच्या तिसऱ्या महिन्यातली. बाकीचे सगळे तिच्याकडे बघतायत. तुमच्याकडे मी एकटीच बघत होते."

वहिनींनी चौकटीची कड पदरानं पुसली. तीन महिने त्यांना सलग दोन तास झोप नव्हती, आणि घरातल्या एकानंही विचारलं नव्हतं. "मग खाली लिहा तसं," त्या शेवटी म्हणाल्या. "तीन महिन्यांचं पोर, असं लिहा. नाहीतर लोक म्हणतील, ही बाई आळशी."

दोन नकार गेले. सगळ्यांच्या नजरा आपोआप खुर्चीकडे वळल्या. हेडमास्तरांनी हातांची घडी घातली.

"दादा, ऊठ आता," आत्या म्हणाली. "शेवटचा घरचा फोटो काढायचाय. पडद्यापुढे ये."

"मी इथूनच येतो फोटोत."

"तिथून तुझा कान पण येणार नाही."

"मला खुर्ची लागते."

"मला पण तीच लागते," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी ती समोरून ओढली. दातांच्या डॉक्टरांच्या मनगटात जोर असतो. हेडमास्तर खुर्चीसकट हातभर पुढे आले आणि नंबर सतरा उघडा पडला.

आप्पांच्या पंचाहत्तरीचा फोटो होता. मध्ये आप्पा, शेजारी वहिनी, आणि मागे दोघे भाऊ, दोन परक्या माणसांसारखे. तेव्हा ते एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण छत्रीवरून झालं होतं. थोरल्याची छत्री धाकट्यानं नेली आणि बसमध्ये विसरला, की मुळात ती धाकट्याचीच होती, यावर दोघांनी तीन वर्षं अबोला धरला. शेवटी धाकटाच नवी छत्री घेऊन थोरल्याच्या दारात उभा राहिला. ही गोष्ट घरात प्रत्येक जेवणाला सांगितली जायची, आणि ती सांगताना हेडमास्तरांची मान जी ताठ व्हायची ती हात धुवेपर्यंत. धाकटा आधी वाकला. हेच त्या गोष्टीचं तात्पर्य होतं.

फोटोत धाकटा दुसरीकडे बघत होता. आणि थोरला, मास्तरी मिशा, कपाळावर आठी, दोन बोटांनी अगदी हलक्या हातानं धाकट्याच्या काळ्या कोटावरचा पांढरा दोरा काढत होता. धाकट्याला कळू नये म्हणून श्वाससुद्धा रोखलेला दिसत होता.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. या फोटोत एकाचाही दात दिसत नव्हता, तरी ते बघतच राहिले.

"दादा, हे छत्रीच्या आधीचं?"

"मधलं," वहिनी म्हणाल्या. "दुसऱ्या वर्षातलं. मी बघितलं होतं तेव्हा."

"तू बघितलं होतंस?" हेडमास्तर वळले. "आणि बोलली नाहीस?"

"मला विचारलं कोणी?"

"म्हणजे आधी तू वाकलास!" डॉक्टर ओरडले. "एकतीस वर्षं मी ऐकून घेतोय, दादा! एकतीस वर्षं, धाकटा आधी वाकला, धाकटा आधी वाकला!"

"मी वाकलो नाही. दोरा काढला. दोरा काढणं म्हणजे माफी नव्हे."

"मग दुसरं काय?"

"कोट घाण दिसत होता."

डॉक्टरांनी फोटोतल्या त्या दोऱ्यावर बोट ठेवलं. "मला वाटायचं, तुला माझं तोंड बघायची पण इच्छा नाही," ते म्हणाले. "छत्री आणताना दारातून परत फिरलो होतो मी. दोनदा. हे माहीत असतं तर पहिल्याच आठवड्यात आलो असतो."

हेडमास्तरांना आत कुठेतरी कळ आली. पण सदतीस वर्षं ज्यानं वर्गापुढे उभं राहून कधी 'माझं चुकलं' म्हटलं नाही, त्याला ते भावापुढे एकदम कसं म्हणता येईल? उलट त्यांनी ज्यावर कित्येक जेवणं काढली ते तात्पर्यच भिंतीवर टांगलं जाणार होतं, सगळ्या गावानं बघावं म्हणून. माजी विद्यार्थी येतील. बोट दाखवतील.

"माझा नकार आहे," ते म्हणाले.

"बाबा!"

"नकार म्हणजे नकार."

आत्यानं भिंग डबीत ठेवलं. "ठीक आहे," ती म्हणाली. "नाही तर नाही." आणि उठून तिनं पहिली चौकट उचलली, उलटी फिरवली, तोंड भिंतीकडे करून ठेवली. मग दुसरी. कोणावर रागावलेली दिसत नव्हती. दुकान आवरावं तशी ती एकेक चौकट फिरवत गेली. चिमणीला रडू आवरेना, आणि रडू आलं की तिला राग येतो.

"तू भांडत का नाहीस, आत्या? तुला काहीच वाटत नाही?"

"वाटायचं काय त्यात? डब्यात होते, डब्यात राहिले." बेचाळिसावी चौकट फिरवून तिनं हात झटकले. "चला. उजेड जाईल. फोटो तरी काढू."

चौघं पडद्यापुढे उभी राहिली. रंगवलेले खांब, रंगवलेली बाग, आणि बागेपुढे तोंडं पाडलेली चार माणसं. आत्यानं हनुवट्या सरळ केल्या, श्वास धरायला लावला, बटण दाबलं.

"झालं!"

कोणी हललं नाही. सगळ्यांना आता ठाऊक होतं. वहिनी ओठ मिटून उभ्या होत्या, जांभई येऊच नये म्हणून. डॉक्टरांचा हात केसांपर्यंत जाता जाता खिशात गेला. हेडमास्तर तर ध्वजाच्या काठीसारखे.

"अरे, झालं म्हटलं ना!" आत्या खोकली.

"खोका, खोका," वहिनी ओठ न हलवता म्हणाल्या.

पूर्ण दोन मिनिटं हा प्रकार चालला. शेवटी आत्याच खुदकन हसली आणि तिनं तार हातातून सोडून दिली. "संपला माझा धंदा," ती म्हणाली. "बरं झालं बंद करतेय ते."

"मग तू ये इकडे," चिमणी डोळे पुसत पुढे झाली. तिनं गळ्यातला स्वतःचा कॅमेरा काढून तीन पायांच्या तिकाटण्यावर चढवला आणि त्याचं तारेचं बटण मुठीत घेतलं. "मी काढते. एकावन्न वर्षांत घरच्या एकाही फोटोत तू नाहीस."

"फोटोग्राफर कुठे असतो फोटोत?"

"आज असतो. बस."

आत्या खुर्चीत बसली, तीच ती खुर्ची, आणि बसल्या बसल्या एकदम परकी दिसायला लागली. हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. दुसऱ्याच्या हनुवट्या फिरवणाऱ्या बाईची स्वतःची हनुवटी चिमणीला तीनदा सरळ करावी लागली. श्वास धरला. बटण.

"झालं!" चिमणी म्हणाली, आणि दोन पावलं बाजूला होऊन खोकली.

मागचे तिघे जसेच्या तसे. कोण फसतंय आता? फसली ती एकटीच, जिनं हे काढलं ती. 'झालं' हा शब्द जन्मभर तिनं दुसऱ्यांना ऐकवला होता. तिला तो कोणी कधी ऐकवलाच नव्हता. तो कानावर पडला मात्र, आणि तिचे खांदे खाली आले.

चिमणीनं कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर फोटो बघितला आणि काही न बोलता कॅमेरा बाबांच्या हातात दिला.

हेडमास्तरांनी तो लांब धरला, मग जवळ. मागे ते स्वतः, बायको आणि भाऊ, लाकडी. पुढे त्यांची बहीण. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. भिंतीकडे तोंड करून ठेवलेल्या चौकटींकडे बघत होती, आणि तिचा एक हात त्यांच्याकडे अर्धा पुढे गेला होता. लहानपणी आप्पांनी शाळेऐवजी तिला डार्करूममध्ये बसवलं तेव्हा ती 'ठीक आहे' म्हणाली होती. स्थळ मोडलं तेव्हाही 'ठीक आहे'. या बाईला कधी काही हवं असतं हे त्यांनी सत्तरीपार आयुष्यात प्रथमच बघितलं. आणि ते मागायला ती आली नसती.

"हा लावायचा," ते म्हणाले.

"बघू." आत्यानं कॅमेरा घेतला आणि तिचा चेहराच उतरला. "छे! हा नाही. पुस तो, चिमणे. काय ध्यान दिसतेय मी!"

"अगदी तुमच्यासारख्या दिसताय, वन्सं," वहिनी म्हणाल्या.

"लोकांना काय दाखवायचंय हे? मी बेसावध होते!"

"तेच तर," हेडमास्तर म्हणाले. बाहेर टेम्पोनं हॉर्न वाजवला. "नियम तुझाच आहे. एकाचा नकार आला तर एकही जाणार नाही. मी माझा नकार मागे घेतो, पण हा फोटो गेला तरच. माझा दोरा जाणार असेल तर तुझा हातही जाईल. आता बोल. तुझा नकार आहे?"

दुसरा हॉर्न झाला. आत्या त्या छोट्या पडद्याकडे बघत राहिली. एकावन्न वर्षं माणसं आपल्यापुढे काय टाकून जात होती ते तिला आत्ता कळत होतं, आणि ते सोपं नव्हतं.

"दादाचा कान कापलाय," ती हळूच म्हणाली. "चौकट जरा उजवीकडे हवी होती." कॅमेरा तिनं चिमणीच्या हातात दिला. "लाव तरी."

टेम्पोवाला जिना चढून आला, कपाळ पुसत. "बेचाळीस ना?"

"आज बेचाळीस न्या. त्रेचाळिसावी उद्या," हेडमास्तर म्हणाले. नंबर सतरा ते तोपर्यंत स्वतःच उचलून जिन्यापर्यंत पोचले होते, तोंड बाहेरच्या बाजूला करून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा.